मिरीचा वास आणि उसातला लव्हाळा

तुकोबांची पालखी रोटीचा घाट चढू लागली की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. घाट मागे पडला की उंडवडी, बारामती, काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण, भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, सणसरचा मुक्काम. पुढे बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि नीरा ओलांडून अकलूज. याच रस्त्याच्या एका टोकाला, रोटीच्या माळावर, फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली. तिची इमारत फ्रान्समधल्या एखाद्या शातोच्या धाटणीची आहे. दुसऱ्या टोकाला, अकलूजजवळच्या मोटेवाडीत, फ्रॅटेलीची वायनरी आहे. या दोन्ही ठिकाणी शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन झाली आहे, आणि शिराझचं मूळ घर दक्षिण फ्रान्सकडे वाहत जाणाऱ्या रोन नदीच्या खोऱ्यात आहे.

वारीची वाट आणि वाइन हे शब्द शेजारी आलेले काहींना खटकतील. माळकऱ्यांच्या घरात वाइन येत नाही, आणि त्या नेमाबद्दल माझ्या मनात आदर आहे. दारूची निर्धोक अशी कोणतीच मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे हा लेख कुणी पिण्याचं आमंत्रण समजू नये. पण लाल वाइनच्या एका पेल्यात इतकी शेती, इतकं रसायन आणि इतका भूगोल साठलेला असतो की न पिणाऱ्यानेही तो समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यातली सगळ्यात आश्चर्याची गोष्ट तर भवानीनगरच्या उसाच्या सऱ्यांमध्ये उगवते.

आधी रोनच्या काठी जाऊ. अविन्यों हे तिथलं जुनं शहर. १३०९ ते १३७७ या काळात रोमन कॅथलिक पोप रोम सोडून तिथे राहत होते. त्यांच्यापैकी एकाने, बाविसाव्या जॉनने, उन्हाळ्यात राहण्यासाठी जवळच्या टेकडीवर किल्लेवजा वाडा बांधला. त्या गावाचं नाव आज शातोनफ-द्यू-पाप. तिथल्या अनेक मळ्यांत माती दिसतच नाही. नदीने हजारो वर्षं घासून गुळगुळीत केलेले मुठीएवढे, कधी नारळाएवढे गोटे सगळीकडे पसरलेले असतात, आणि त्यांतून द्राक्षाची बुटकी झाडं वर येतात. त्यांना मांडव नाही, तारा नाहीत. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, झोंबणारा वारा येतो. उंच वेली त्याने मोडल्या असत्या, म्हणून छाटून छाटून झुडपासारखी ठेवायची ही रीत.

अशा जमिनीत एकच एक जात लावणं धोक्याचं. आपला जिरायती शेतकरी बाजरीत तूर पेरतो, एक गेलं तरी दुसरं हाती लागावं म्हणून. दक्षिण फ्रान्सच्या जुन्या मळ्यांतली मिश्र लागवड अशाच शहाणपणातून आली. ग्रनाश ही तिथली मुख्य जात. तिला ऊन आणि वारा दोन्ही सोसतात, साखर भरपूर धरते, वास पिकलेल्या लाल फळांचा. पण रंग फिका आणि हवेशी संबंध आला की लवकर उतरणारी. सिरा, म्हणजे आपली शिराझ, गडद रंगाची, तुरट आणि मसालेदार. मूर्वेद्र सगळ्यांत उशिरा पिकते. तिला तोंडावर ऊन आणि पायाशी ओल लागते, असं तिथले शेतकरी सांगतात. तिच्यामुळे वाइनला कणा येतो आणि ती बरीच वर्षं टिकते. जोडीला कारीन्यां, सँसो अशा आणखी कितीतरी. शातोनफच्या नियमांत तर १३ जाती धरल्या आहेत. एकीचं उणं दुसरी भरून काढते. वाइनकार या जाती वेगवेगळ्या आंबवतो, मग मोजपात्रं समोर घेऊन थोडी ही, थोडी ती अशी मिसळत, चाखत बसतो. हे काम यंत्रावर सोपवता येत नाही, आणि माझ्या मते वाइन बनवण्यातली खरी कारागिरी इथेच आहे.

शातोनफने १९२३ मध्ये तिथले द्राक्ष बागायतदार बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने स्वतःसाठी नियम घालून घेतले. नावाला साजेशी वाइन कोणत्या जमिनीतून आली पाहिजे, हे ठरवायला त्यांनी प्रयोगशाळा गाठली नाही. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपं आपोआप उगवतात, तीच जमीन द्राक्षाची. म्हणजे हलकी, निचऱ्याची, दुसऱ्या पिकाला फारशी उपयोगी नसलेली. आपल्याकडे मुरमाड माळावर तरवड फुलतो. झुडपांवरून जमीन वाचण्याची ही पद्धत आपल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनाही लगेच उमगेल. पुढे १९३६ मध्ये फ्रान्सने या नियमांना कायद्याची मान्यता दिली.

आता तिथल्या अशा मिश्र वाइनचा पेला उचलू. आधी नुसतं पाहायचं. पेला पांढऱ्या कागदावर थोडा कलता धरला की मध्यभाग गडद जांभळा आणि कडेला विटकरीपणाकडे झुकणारा रंग दिसतो. कडा जितकी विटकरी, तितकी वाइन वयाने मोठी. हा रंग रसाचा नाही. इंदापूरकडच्या बोरी गावची काळी द्राक्षं चिरून पाहिलीत तर आत गर हिरवटच निघतो. रंग सगळा सालीत असतो. लाल वाइन आंबते ती सालीसकट, म्हणून लाल होते. त्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. आम्ल असेपर्यंत ते लाल राहतं. चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की लाली जाऊन निळसर-करडी छटा उतरते. घरच्या घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग मुलांना दाखवावा असा आहे.

पेला गोल फिरवून स्थिर धरा. आतल्या भिंतीवर पातळ थर चढतो आणि त्यातून थेंबांच्या रेघा सावकाश उतरू लागतात. पुष्कळांना वाटतं, रेघा दाट म्हणजे वाइन उत्तम. तसं काही नाही. त्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं, उरलेल्या थराचा पृष्ठताण वाढतो आणि तो खालची वाइन वर ओढतो. वर साठलेलं द्रव जड झालं की थेंब होऊन ओघळतं. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये याचं कारण सांगितलं, पुढे इटलीच्या मारंगोनी यांनी त्याचा अभ्यास केला आणि नाव त्यांचं पडलं. पेल्यावर हात घट्ट झाकून धरा, उडणं थांबतं आणि रेघाही थांबतात. दक्षिण फ्रान्सच्या वाइनमध्ये अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास, कधी १५ टक्के, म्हणून तिथल्या रेघा ठळक.

हे अल्कोहोल कुठून येतं, ते भवानीनगरच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. कारखान्याचा शेतकी विभाग उसाच्या शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा रस काढून हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, पाहतो आणि तोडणीला ऊस तयार झाला का ते ठरवतो. द्राक्षमळ्यातही तेच उपकरण, तेच एकक. पिकलेल्या उसाचा ब्रिक्स विशीच्या आसपास. दक्षिण फ्रान्समधलं काढणीला आलेली ग्रनाश २४ च्या वर जाते. साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एका लिटरमध्ये एक टक्का अल्कोहोल तयार होतं, हा यीस्टचा हिशेब. म्हणजे रोनच्या उन्हात द्राक्षं जितकी गोड होतात, तितकी वाइन भरदार. उसातली साखर सुक्रोज, द्राक्षातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज; यीस्टला दोन्ही चालतात, सुक्रोज आधी फोडून घेतं एवढंच.

मग वास. इथे मात्र घाई करू नये, कारण डोळे नाकाला फसवतात. बोर्दोमध्ये संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली आणि तीच पांढरी वाइन लाल रंग घालून पुन्हा दिली. रंगवलेल्या पेल्याचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठीचे शब्द वापरले. २००१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. शिकत असलेल्या नाकांची ही अवस्था, तर आपण डोळे मिटून हुंगावं हेच बरं. डोळे मिटले की या वाइनमध्ये आधी लाल फळं येतात, ती ग्रनाशची. त्यांच्या मागून, अगदी स्पष्ट, नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिरीचा वास येतो. तो सिराचा.

या मिरीच्या वासाची कहाणी मी वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सिराला मिरीचा वास येतो हे वाइन पिणारे कधीपासून सांगत होते, पण तो कशामुळे येतो हे कुणाला सापडत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले. वास ठसठशीत आणि पदार्थ मात्र इतका थोडा की यंत्रावर तो दिसेचना. अखेर २००८ मध्ये त्यांनी तो पकडला. त्याचं नाव रोटंडोन. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये तो १६ नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. हिशेब मांडून पाहा: एक ग्रॅम रोटंडोन सहा कोटी लिटर वाइनमध्ये मिसळला, तरी त्या सगळ्या वाइनला मिरीचा वास येईल.

मग त्यांनी प्रत्यक्ष मिरी तपासली. तिच्यात तो मिरीदार वाइनच्या साधारण दहा हजार पट निघाला. मलबारची मिरी दोन हजार वर्षांहून अधिक काळ जगभर विकली जाते आहे, तिच्यासाठी समुद्र ओलांडले गेले, लढाया झाल्या. आणि मिरीला मिरीचा वास देणारा पदार्थ पहिल्यांदा ओळखू आला तो वाइनचा शोध घेताना. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. पाचांपैकी साधारण एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, चाचणीतली सगळ्यांत मोठी मात्रा दिली तरी. एकाच ताटावर बसलेल्या दोघांना मिरी वेगवेगळी लागते. कुणी म्हणालं, मला तर मिरीबिरी काही येत नाही, तर त्याला नाव ठेवू नये.

पण रोटंडोन हे नाव २००८ मधलं नाही. हा पदार्थ त्याआधी चाळीस वर्षं एका वनस्पतीच्या कंदातून वेगळा काढला गेला होता, आणि ते काम झालं १९६७ मध्ये पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. सुख देव यांच्या गटाकडून. ती वनस्पती म्हणजे नागरमोथा. आपल्या बोलीत लव्हाळा.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांनी ऊस केला, त्यांना लव्हाळा काय चीज आहे ते सांगायला नको. खुरपून काढा, गाठ मातीत राहते आणि आठ दिवसांत हिरवं पातं पुन्हा डोकं वर काढतं. तणनाशकं आली, तरी तो आहेच. आणि हाच कंद वाळवून आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात जो गंध दरवळतो, त्यात वाळा आणि कचोऱ्याच्या सोबतीला नागरमोथा असतो. त्याच्या वासात इतरही बरीच द्रव्यं आहेत, म्हणून तो नुसत्या मिरीसारखा येत नाही. लाकडासारखा, मातकट येतो. पण रोनकाठच्या सिराच्या सालीत जो रेणू तयार होतो, तोच रेणू भवानीनगरच्या सरीत, पायाखाली, बेण्याशेजारी तयार होत असतो. एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या तीन वनस्पती, द्राक्षवेल, मिरीची वेल आणि लव्हाळा, पंधरा कार्बनच्या त्याच एका रचनेपर्यंत पोहोचल्या आहेत. निसर्ग इतका काटकसरी आणि इतका उदार एकाच वेळी कसा असतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पेल्याकडे परत येऊ. घोट तोंडात घेऊन लगेच गिळायचा नाही, जिभेवर आणि गालांत फिरवायचा. थोड्या वेळाने हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. हा तुरटपणा. आपल्या आयुर्वेदाने कषाय म्हणून तो सहा रसांत मोजला आहे. आजचं शरीरशास्त्र सांगतं की त्यात स्पर्शाचाही वाटा मोठा आहे: साली आणि बियांमधली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूवर घासल्यासारखी होते. वाइनसोबत मटण का खातात त्याचं उत्तर यात आहे. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला आधीच गुंतवून ठेवतात आणि वाइन मऊ लागते.

पण आपल्या भागातल्या मटणाचं काय? झणझणीत रश्श्यासोबत १४ टक्क्यांची लाल वाइन घेतली तर तोंड पेटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या उष्णता-ग्राहकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही हात लावतं. एरवी तो सुमारे ४२ अंशांना जागा होतो. अल्कोहोल असलं की ३४ अंशांच्या आसपासच. म्हणजे शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला चटका वाटू लागतं. त्यामुळे माझं मत असं की ही वाइन ठेच्याजवळ ठेवूच नये. तिची खरी जागा अळणीशेजारी आहे. मीठ-हळदीत शिजलेलं, चरबीची तकाकी असलेलं अळणी मटण, वर थोडी ताजी मिरी. सिरातली मिरी आणि ताटातली मिरी एकमेकींना ओळखतात. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं जे सांगतात, ती खोली युरोपातली असते. इंदापूरच्या चैत्रातली नव्हे. इथे बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवलीच पाहिजे.

आता प्रश्न उरतो: रोनची ती चव आपल्या माळावर उतरते का? इथे सगळं फिरलेलं आहे. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते, सप्टेंबरमध्ये काढणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. तिथे द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस थंड होत जातात. इथे ते जानेवारीच्या गारठ्यातून मार्चच्या उन्हाकडे जातं. ऊन वाढलं की आम्ल झपाट्याने उतरतं. रोटंडोनही थंड हवेत आणि पानांच्या सावलीत राहिलेल्या घडांत जास्त धरतो. त्यामुळे काढणीचा दिवस आणि पानांची विरळणी या दोन गोष्टींवर आपल्याकडच्या शिराझचं सगळं भवितव्य ठरतं. पानं ओरबाडून घड उघडे पाडले, तर मिरी गेलीच.

एका बाबतीत मात्र आपण आणि फ्रान्स एकाच मुळांवर उभे आहोत, तेही अक्षरशः. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्सच्या मळ्यांत वेली वाळू लागल्या. माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १८६८ मध्ये मुळांवर एक बारीक कीड सापडली, फायलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेली ती कीड फ्रान्सचे मळे गिळत गेली. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतलाच: तिकडच्या रानवेलींचा खुंट आणि त्यावर फ्रेंच डोळ्याचं कलम. टेक्ससचे द्राक्षतज्ज्ञ मन्सन यांनी यात मोठी मदत केली आणि फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. बोरी-इंदापूरकडचे द्राक्ष बागायतदार ज्या डॉगरीज खुंटावर कलम करतात, तोही टेक्ससच्याच रानवेलींतला. आपण तो क्षार आणि पाण्याची तूट सोसतो म्हणून निवडला. शातोनफची ग्रनाश आणि आपली थॉमसन सीडलेस, दोघींच्या पायाखाली अमेरिकेचं रान आहे.

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं, त्यानंतर इथल्या वायनऱ्या वाढल्या. पण लाल वाइनसाठी आपण बहुतेक शिराझ आणि कॅबर्ने या जातींवरच भिस्त ठेवली. नाशिकमध्ये सुला वायनरीने ग्रनाशची गुलाबी वाइन करून दाखवली आहे, म्हणजे ती जात आपल्याकडे रुजते. उष्ण, कोरड्या, वाऱ्याच्या, हलक्या जमिनीसाठी दक्षिण फ्रान्सने शेकडो वर्षं घासून काढलेलं उत्तर अनेक जातींच्या मिश्रणाचं आहे, आणि रोटीपासून माळशिरसपर्यंतचा आपला मुरमाड माळ तसाच उष्ण, कोरडा आणि हलका आहे. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथून फार दूर नाही. म्हणून रोटी आणि मोटेवाडीच्या वाइनकारांना माझी विनंती आहे: शिराझच्या शेजारी ग्रनाश आणि मूर्वेद्रच्या काही ओळी लावून पाहा, घडांवर पानांची सावली राहू द्या, तिन्हींचं मिश्रण करा, आणि त्या बाटलीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात मराठीत छापा.